किर्गिझस्तानने २०१० ला संसदीय पद्धत आणली आणि दहा वर्षांत ती मोडली, नेमकं कुठे चुकलं?

चांदणवेल

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. माझी धाकटी बहीण बिश्केकला (किर्गिझस्तानची राजधानी) एमबीबीएस करत होती, आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ती तिथेच अडकलेली होती. ४ ऑक्टोबरला रविवारी संसदेची निवडणूक झाली, दिवस शांततेत गेला, तिने फोनवर सांगितलं की शेजारच्या शाळेत मतदान चालू आहे आणि आम्हाला घराबाहेर जास्त फिरू नका म्हणालेत, बस एवढंच. सोमवारी रात्री तिचा फोन आला तेव्हा मागे धाड धाड आवाज येत होते. तिची घरमालकीण (या बाईंना त्या सगळ्या मुली एजे म्हणायच्या, एजे म्हणजे मोठी बहीण) दाराला कडी लावून टीव्हीसमोर बसली होती आणि मुलींना खिडकीपाशी जाऊ देत नव्हती. मंगळवारी उठून बघतो तर निवडणूकच रद्द! आईला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता बहीण शिकून परत आलीय, सगळं ठीक आहे, पण तेव्हापासून तो देश माझ्या डोक्यातून जात नाही. जमेल तसं वाचते आणि जितकं वाचते तितका गोंधळ वाढतो. आजूबाजूच्या बहुतेक देशांत एकच माणूस वीस-वीस वर्षं खुर्चीवर, आणि याच देशाने २०१० मध्ये स्वतःहून ठरवलं की आम्हाला अध्यक्षाचं राज्य नको, संसदेचं हवं. मग तेच लोक २०२१ मध्ये मत देऊन परत अध्यक्षाकडे कसे गेले? आणि दुसरं म्हणजे तिकडे बोटाचे ठसे घेऊन ओळख पटवतात, मतपत्रिका मशीनमध्ये जाते, तरीपण लोक म्हणाले निवडणूक चोरली, म्हणजे चोरली कुठून?

एक गोष्ट बहिणीने सांगितलेली आठवते. मतदानाच्या आधी काही दिवस एजेचा भाचा घरी आला होता आणि त्याने सहज सांगितलं की माझं नाव मी दुसऱ्या केंद्रावर लावून घेतलंय, फॉर्म भरलाय. त्यावरून एजे त्याला इतकं बोलली की तो चहा अर्धा टाकून निघून गेला. बहिणीला तेव्हा काही कळलं नाही, नाव बदललं तर त्यात एवढं चिडण्यासारखं काय? कोणाला माहीत असेल तर सांगा.

मुसाफिर

चांदणवेल ताई, मी २००९ ते २०१३ बिश्केकला नोकरीला होतो, शिकवायचं काम. २०१० ची निवडणूक डोळ्यांनी बघितलीय म्हणून त्याबद्दल सांगतो, २०२० चं दुसरं कोणी नीट सांगेल.

संसदीय पद्धत का आणली हे समजायला २००७ बघावं लागतं. २००५ च्या संसद निवडणुकीत गडबड झाली म्हणून लोक रस्त्यावर आले, पहिले अध्यक्ष अकायेव देश सोडून गेले, त्यांच्या जागी बाकियेव आले. लोकांना वाटलं सुटलो. पण बाकियेवने डिसेंबर २००७ ला निवडणूक घेतली आणि त्याच्या अक-जोल पक्षाला ९० पैकी ७१ जागा! भाऊ एका खात्यात, मुलगा दुसऱ्या. २०१० च्या हिवाळ्यात विजेचे आणि घर गरम ठेवायचे दर एकदम वाढवले, आणि त्या थंडीत ते बिल म्हणजे चेष्टा नव्हे, आमच्या कॉलेजातल्या शिपाईमामांचा अर्धा पगार त्यात जाईल अशी वेळ आली होती. ७ एप्रिलला व्हाईट हाऊससमोर (तिथल्या सरकारच्या मुख्य इमारतीला हेच नाव आहे) गर्दी जमली, आतून गोळ्या चालल्या, ऐंशीच्या वर माणसं गेली. जास्त करून विशी-पंचविशीतली पोरं. त्या इमारतीच्या लोखंडी कुंपणाला नंतर कितीतरी महिने फुलं आणि फोटो बांधलेले असायचे, मी रोज बसमधून जाताना बघायचो, हिरवट पडलेले, पावसाने सुजलेले फोटो. त्यातला एक फोटो शाळेच्या गणवेशातला होता.

तर नवी घटना लिहिली गेली ती हे कुंपण समोर ठेवून. १२० जागांची संसद (जोगोर्कु केनेश म्हणतात तिला) आणि कितीही मतं मिळाली तरी एका पक्षाला ६५ च्या वर जागा नाहीत. अध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत, दुसऱ्यांदा उभंच राहायचं नाही. २००७ चे ते ७१ परत होऊ नयेत म्हणून दाराला लावलेलं हे कुलूप होतं. मध्ये जूनमध्ये ओशला किर्गिझ-उझबेक दंगल झाली, चारशेच्या वर माणसं मेली, घरांचे नुसते कोळसे झाले, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत २७ जूनला सार्वमत घेतलं. रोझा ओतुनबायेवा हंगामी कारभार बघत होत्या, मला तेव्हा ती घाई वेडेपणाची वाटली होती. आता वाटतं की तेव्हा घेतलं नसतं तर कधीच झालं नसतं.

१० ऑक्टोबर २०१० ला मतदान. आमच्या कॉलेजातल्या एक बाई मला बरोबर घेऊन गेल्या, मला अर्थातच मत नव्हतं, दारापर्यंतच. शाळेची इमारत, बाहेर चिनारासारखी उंच पिवळी झाडं. आत जाताना अंगठा एका दिव्याखाली धरायला सांगायचे, आधी मत दिलंय का ते बघायला, आणि मत देताना अंगठ्यावर शाईचा फवारा, ती शाई नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्या दिव्यातच चमकते. मतपत्रिका हातभर लांब, कारण पक्ष २९! आणि सगळ्यात खाली ‘सगळ्यांच्या विरोधात’ म्हणून चौकट, आपल्या नोटासारखी. त्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पहिल्यांदा असं झालंय की कोण जिंकणार ते मला माहीत नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

आणि रिझल्ट तसाच लागला. पाचच पक्ष आत गेले, अता-जुर्त २८, सोशल डेमोक्रॅट २६, आर-नामिस २५, रेसपुब्लिका २३, अता-मेकेन १८. म्हणजे पहिल्या आणि पाचव्यात फक्त दहा जागांचा फरक. गंमत नाही, खरंच सांगतो, पहिला आलेला अता-जुर्त हा संसदीय पद्धतीच्या विरोधातला पक्ष होता, बाकियेवच्या वेळची माणसं त्यात होती, मतदानाच्या चार दिवस आधी त्यांच्या बिश्केकच्या ऑफिसची जमावाने मोडतोड केली होती. तरी तो पहिला आला आणि सरकारने तो रिझल्ट मान्य केला. सत्तेतल्या लोकांनी स्वतः घेतलेली निवडणूक स्वतः जिंकली नाही, हे त्या भागात त्याआधी कोणी बघितलं नव्हतं. मला अजूनही ती त्या देशाची सगळ्यात चांगली निवडणूक वाटते.

नकाशावेडा

मुसाफिर दादांनी मस्त सांगितलंय. मी तिकडे कधी गेलो नाही, पण मध्य आशियाच्या निवडणुकांचे आकडे गोळा करायचा नाद आहे, म्हणून २०२० चं मी सांगतो.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या भाच्याच्या फॉर्ममध्येच आहे. त्याला फॉर्म नंबर २ म्हणायचे. मूळ कल्पना चांगली होती, म्हणजे नारीन किंवा बातकेनचा माणूस बिश्केकला कामाला आहे, नोंदणी गावाची, तर त्याने मतदानासाठी तासन्‌तास बस करून गावी का जावं, त्याने फॉर्म भरून जिथे आहे तिथलं केंद्र निवडावं. पण २०२० मध्ये पाच लाखांच्या आसपास लोकांनी हा फॉर्म भरला, आणि तिथे मतदार एकूण ३५ लाखांच्या घरात, म्हणजे सातातला एक मतदार जागेवरून हलला.

आता तुम्ही म्हणाल की तेव्हा देशभर एकच यादी पद्धत होती (मत माणसाला नाही, पक्षाच्या उमेदवार यादीला), मत कुठूनही दिलं तरी पक्षालाच जाणार, मग हलवून फायदा काय? फायदा हिशोबाचा. मत विकत घेणाऱ्याची अडचण काय असते, तर पैसे घेऊन माणसाने दुसरीकडे शिक्का मारला तर कळणार कसं? गुप्त मतदान आहे, एकेकाचं कळत नाही. पण दोनशे विकत घेतलेली माणसं एकाच केंद्रावर आणून लावली, तर संध्याकाळी त्या केंद्राचा आकडा बघून दलालाला कळतं की माल पोचला का नाही. एका मताला हजार-दोन हजार सोम (तिथलं चलन) असा भाव तेव्हा सगळीकडे छापून येत होता. कोविडमुळे कामं बंद, रशियातून येणारे पैसे मध्यंतरी आटलेले, अशा वर्षी दोन हजार सोमला नाही म्हणणं सोपं नसतं, त्या भाच्याला मी एकट्याला दोष देणार नाही. पण एजे का चिडली ते आता कळलं असेल.

म्हणून मशीन असून उपयोग झाला नाही. २०१५ पासून तिथे ठसे घेऊन ओळख पटवतात, कोरियाच्या मदतीने आलेले स्कॅनर मतपेटीवर बसवलेत, मतपत्रिका आत सरकवली की नोंद होते, आणि नंतर हाताने मोजायचे ती मोजणी तेव्हा कायद्याने खरी धरायचे. ही व्यवस्था एकदम चोख आहे, पूर्वी गठ्ठेच्या गठ्ठे कोंबायचे ते बंद झालं. पण ठसा एवढंच सांगतो की आलेला माणूस तोच आहे. तो येताना खिशात काय घेऊन आला ते ठशाला कळत नाही. चोरी पेटीतून झाली नाही, पेटीपर्यंतच्या रस्त्यात झाली.

दुसरी भानगड ७ टक्क्यांची. १६ पक्ष उभे, ७ टक्क्यांच्या खाली गेला की जागा शून्य. आत फक्त चार गेले, बिरिमदिक ४६, मेकेनिम किर्गिझस्तान ४५, किर्गिझस्तान पक्ष १६, बुतुन किर्गिझस्तान १३. पहिल्या तिघांचा कल अध्यक्ष जेनबेकोवकडे, बिरिमदिकमध्ये तर त्यांचा सख्खा भाऊ उमेदवार, मेकेनिममागे मातराइमोव या गडगंज कुटुंबाचा पैसा आहे असं सगळेच म्हणत होते. उरलेल्या बारा पक्षांची मतं गेली वाऱ्यावर. म्हणजे ६५ चं कुलूप दाराला तसंच लटकत होतं आणि आत एकाऐवजी दोन-तीन पक्ष करून तीच माणसं बसली. कुलूप एका पक्षाला होतं, दोन पक्ष एकाच घरचे निघाले तर त्याला काय कळणार.

सोमवारी हरलेल्या पक्षांनी अला-तू चौकात सभा घेतली, संध्याकाळी पोलिसांनी अश्रुधूर, पाण्याचे फवारे, आवाजाचे बॉम्ब टाकले (तुमच्या बहिणीला ऐकू आले ते बहुतेक हेच), आणि रात्रीत लोक व्हाईट हाऊसमध्ये शिरले. ६ तारखेला निवडणूक आयोगाने निकाल रद्द केला.

चांदणवेल

बापरे, नकाशावेडा, हे मी बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली की हो, एजे ओरडताना सारखं ‘दोन हजार, दोन हजार’ म्हणत होती, किर्गिझ आकडे तेवढे तिला समजायचे. आणि अजून एक तिला आठवलं की पुढच्या दोन-तीन रात्री तोच भाचा दंडाला पांढरा कापडाचा पट्टा बांधून मोहल्ल्यातल्या दुकानांवर पहारा द्यायला जायचा, लुटालूट होऊ नये म्हणून. एजे त्याला डब्यात गरम जेवण द्यायची. मला हे वाचून भरूनच आलं.

पण मग मुसाफिर दादा, एवढं करून लोकांनी अध्यक्षीय पद्धत का मागितली? संसद वाचवायला उठले आणि संसदच दिली की हो.

शब्दसखी

मी थोडं वेगळं मांडते, मुसाफिर दादांना आवडणार नाही कदाचित. २०१० चं कौतुक मलाही आहे पण ते कौतुक करताना तिथल्या लोकांनी त्या संसदेत पुढची दहा वर्षं काय बघितलं ते विसरून चालणार नाही.

पहिल्याच महिन्यात बघा. ओमुरबेक तेकेबायेव, ज्यांना त्या घटनेचे जनक म्हणायचे, त्यांना सभापती करायचं ठरलं, आघाडी झाली, सह्या झाल्या, आणि गुप्त मतदानात आपल्याच लोकांनी मतं दिली नाहीत, आघाडी तिथेच संपली. मग डिसेंबरमध्ये दुसरी आघाडी होऊन अतांबायेव पंतप्रधान. नंतर दहा वर्षांत नऊ-दहा पंतप्रधान. पक्षाच्या यादीत वरचा नंबर पैसे देऊन मिळतो हे तिथे भाजीवाल्यालाही माहीत होतं. पक्ष म्हणजे विचार नाही, एक पैसेवाला माणूस आणि त्याचं ऑफिस, निवडणूक झाली की बोर्ड उतरवायचा, पुढच्या वेळी नवं नाव. रेसपुब्लिका आणि अता-जुर्त हे २०१० ला एकमेकांविरुद्ध लढले आणि २०१५ ला एकच पक्ष होऊन उभे राहिले, मतदाराने काय समजायचं? सामान्य माणसाला गावचा रस्ता, शाळा, दवाखाना याबद्दल विचारायला स्वतःचा असा खासदारच नव्हता, कारण सगळा देश एक मतदारसंघ.

आणि नंतर अध्यक्ष झालेले जापारोव कुठून आले तेही बघा. ते २०१० च्या त्याच संसदेत अता-जुर्तकडून निवडून आलेले खासदार. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ते आणि त्यांच्याच पक्षातले सहकारी ताशियेव कुमतोरच्या सोन्याच्या खाणीचं राष्ट्रीयीकरण करा म्हणून मोर्चा घेऊन गेले आणि व्हाईट हाऊसच्या कुंपणावरून आत गेले. मुसाफिर दादांनी सांगितलेलं तेच फोटोंचं कुंपण. पुढे जापारोव वेगळ्या केसमध्ये तुरुंगात होते, २०२० च्या त्या रात्री लोकांनी त्यांना बाहेर काढलं, दहा दिवसांत पंतप्रधान, जेनबेकोव यांनी १५ ऑक्टोबरला राजीनामा दिल्यावर हंगामी अध्यक्ष, आणि १० जानेवारी २०२१ ला ७९ टक्के मतांनी अध्यक्ष. त्याच दिवशी विचारलं, अध्यक्षीय हवी का संसदीय, ८० टक्क्यांच्या वर लोक म्हणाले अध्यक्षीय. त्यांना हुकूमशहा हवा होता असं मी म्हणणार नाही. ज्याला जाब विचारता येईल असा एक तरी माणूस हवा होता.

एका बाबतीत मात्र ती जुनी पद्धत मला मनापासून हवीहवीशी वाटते. २००५ ला निवडून आलेल्या संसदेत एकही बाई नव्हती. एकही नाही! नंतर यादीला नियम लावला की एकाच लिंगाचे ७० टक्क्यांपेक्षा जास्त उमेदवार नकोत, ३५ च्या आतले १५ टक्के हवेत, अल्पसंख्याक १५ टक्के हवेत. त्यामुळे बायका आल्या, उझबेक आले, रशियन आले. निवडणुकीनंतर बायकांकडून राजीनामे घेऊन खालच्या नंबरचा पुरुष आत घ्यायचे तो प्रकार पुष्कळ झाला, पण यादीत नाव असणं हीसुद्धा तिथल्या बाईसाठी लढाईच होती.

मुसाफिर

शब्दसखी, आवडलं नाही असं नाही, बरंचसं खरं आहे. नंबर विकायचे हे मी तिथे असतानाच ऐकत होतो. आणि २०१० ला ५ टक्क्यांची अट पडलेल्या मतांवर नव्हती, पूर्ण मतदार यादीवर होती, शिवाय प्रत्येक प्रांतात आणि बिश्केक, ओश शहरात अर्धा अर्धा टक्का वेगळा. त्यामुळे पहिल्या आलेल्या पक्षालाही यादीच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपासच मतं होती, आणि आत गेलेल्या पाचही पक्षांची बेरीज यादीच्या ४० टक्क्यांपर्यंतसुद्धा जात नव्हती. बुतुन किर्गिझस्तान अगदी थोडक्यात हुकला आणि यादीत नावं वाढवली म्हणून आम्ही बाहेर राहिलो असं म्हणत त्यांनी किती दिवस निदर्शनं केली. म्हणजे मी ज्या निवडणुकीला सगळ्यात चांगली म्हणतो तिच्यातही अर्ध्याहून जास्त लोकांचं आत कोणी नव्हतं, हे मान्य.

पण एक सांगतो. जाब विचारायला एक माणूस हवा म्हणता, तर अकायेव एकच होते, बाकियेव पण एकच होते. त्यांना जाब विचारायला दोन्ही वेळा रस्त्यावर यावं लागलं, दुसऱ्या वेळी माणसं मेली. २०११ मध्ये ओतुनबायेवांनी खुर्ची सोडली, अतांबायेव आले, २०१७ ला त्यांची मुदत संपली आणि तेही उतरले, दोन्ही वेळा निवडणूक होऊन, एक दगड न उडता. ते या दहा वर्षांतच झालं. (अतांबायेवना नंतर २०१९ मध्ये अटक झाली, तो वेगळा विषय आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.)

आणि २०२० ला रद्द केलेली निवडणूक २० डिसेंबरला परत घ्यायची ठरली होती. ती घेतलीच नाही! मुदत संपत आलेल्या संसदेने स्वतःच ती पुढे ढकलली आणि तीच संसद बसून घटना बदलायच्या तयारीला लागली. माझा राग तिथे आहे. लोक उठले होते नीट मतदान परत घ्या म्हणून, पद्धत बदला म्हणून नाही. नीट निवडणूक आली ती थेट २८ नोव्हेंबर २०२१ ला, तोपर्यंत नवी घटना येऊन संसद ९० जागांची झालेली, ५४ यादीतून आणि ३६ मतदारसंघातून, आणि मतदान झालं साधारण ३५ टक्के. २०१० ला ५५ च्या आसपास होतं. त्या रात्री मोजणी चालू असताना आयोगाचा आकडे दाखवणारा स्क्रीनच मध्ये बंद पडला आणि परत चालू झाला तेव्हा काही पक्ष ५ टक्क्यांच्या खाली दिसायला लागले. तांत्रिक बिघाड म्हणाले.

नकाशावेडा

आणि ३० नोव्हेंबर २०२५ ला तर याद्याच काढून टाकल्या. आता ३० मतदारसंघ, प्रत्येकात तीन जागा, तिघांत एकाच लिंगाचे दोनापेक्षा जास्त नाहीत. शब्दसखी, तुमच्या त्या राजीनाम्याच्या प्रकाराला यात जागा राहिली नाही, आणि आपला म्हणावा असा खासदारही मिळाला. पण पक्ष जवळजवळ दिसेनासे झाले, सगळे आपापल्या नावावर.

चांदणवेल ताई, फॉर्म २ चं राहिलंच. २०२० नंतर तो काढून टाकला.

चांदणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल बहिणीने एजेला व्हॉट्सॲपवर विचारलं की नोव्हेंबरमध्ये मत दिलंत का. एजेने उत्तर पाठवलं की दिलं, सकाळी आठलाच, बर्फ पडत होता. भाचा आला नाही, तो आता रशियात बांधकामावर असतो. मुसाफिर दादा, तुमच्या त्या बाईंशी संपर्क असेल तर त्यांना नक्की विचारा, त्या अजून मत द्यायला जातात का.

मुसाफिर

जातात ताई. दर वेळी फोन करून सांगतात. या वेळी फक्त कोण जिंकणार ते त्यांना आधीच माहीत होतं.